हॅपगुडचा हंगाम

१९०८ साली व्हिटकॉम कॉलेजचा फुटबॉल संघ आठ सामने खेळला आणि आठही जिंकला. त्या संघाचा कॅप्टन मी होतो. दर जूनमध्ये जुन्या विद्यार्थ्यांचं जेवण असतं. तिथे कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारतो आणि म्हणतो, "बेकविथ, त्या वर्षाची गोष्ट सांग की!" मी सांगतो. म्हणजे सांगण्यासारखी आहे तेवढी सांगतो. उरलेली आज सांगतो, कारण ती ऐकून ज्यांना राग आला असता त्यांतले बहुतेक आता देवाघरी गेले आहेत, आणि तिथे त्यांना खरं काय ते कळलेलंच असणार.

व्हिटकॉम हे पाद्र्यांनी पाद्री घडवण्यासाठी काढलेलं कॉलेज. आयोवाच्या मक्याच्या शेतांमध्ये उभं. आमच्या संघात पाद्र्यांची मुलं चार, औषधवाल्यांची दोन, आणि बाकीची शेतकऱ्यांची, पण शेतावर निरुपयोगी ठरली म्हणून शिकायला धाडलेली. आधीच्या वर्षी आम्ही एकच सामना जिंकलो होतो, आणि तोही समोरचा संघ चुकीच्या आगगाडीत बसला म्हणून. आमच्या फुटबॉलमध्ये पायाचं काम थोडं आणि खांद्याचं फार. तीन प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, आणि समोरच्या अकरा जणांनी तुम्हाला जमिनीत गाडायचं. डोक्याला चामड्याची टोपी घालणं आम्हाला बायकीपणाचं वाटे. त्याऐवजी आम्ही उन्हाळाभर केस वाढवायचो. डोकी फुटायची ती फुटायचीच, फक्त केसांमुळे रक्त जरा उशिरा दिसायचं.

आमच्या भागातल्या कॉलेजांमध्ये एक सभ्य गृहस्थांचा करार होता. पंधरा सप्टेंबरच्या आत प्रत्येक कॅप्टनने आपल्या खेळाडूंची यादी बाकी सगळ्यांना पाठवायची. खाली प्राचार्यांची सही: हे सर्व आमचे खरेखुरे विद्यार्थी आहेत. यादीत नाव नाही तो मैदानात नाही. भाडोत्री पहिलवान घुसू नयेत म्हणून हा बंदोबस्त. करार इतका कडक होता की प्रत्येक संघात निदान एक तरी भाडोत्री असायचाच. आमचे हाडवैरी म्हणजे ड्रमंड कॉलेज. आदल्या हंगामात त्यांचा पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी चौतीस वर्षांचा लोहार होता. सामना ऐन रंगात आला असताना कुंपणापलीकडून तीन पोरं ओरडली, "बाबा, हाण त्याला!" आणि त्या नवविद्यार्थ्याने तिकडे बघून हात हलवला आणि मग मला हाणलं.

त्या वर्षी मी चौदा सप्टेंबरला यादी पाठवली. बारा नावं. अकरा जण खेळायला आणि बारावा लूशियस हॅपगुड, नुसता यादी भरल्यासारखी दिसावी म्हणून. तो जूनमध्ये प्रवेश घेऊन गेला होता. वजन एकशेवीस पौंड, त्यातले दहा चष्म्याचे असावेत. सोळा तारखेला आमचा सगळ्यात दांडगा गडी गवताच्या गाडीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. सतराला हॅपगुडच्या आईचं पत्र आलं की लूशियसला विषमज्वर झालाय, तो नाताळपर्यंत येत नाही. यादी तर गेलेली. नवीन नाव घालता येत नव्हतं. आमच्याकडे एक नाव होतं आणि त्याला माणूस नव्हता.

गावाबाहेर चुनखडीची खाण होती. युरोपातल्या बोहेमियातून आलेली माणसं तिथे दगड फोडत. चेंडू वाटणारा आमचा गडी डेक्स्टर पूल मला तिकडे घेऊन गेला. त्याने एक जण हेरून ठेवला होता. तेवीस वर्षांचा, दारात वाकून शिरावं लागेल असा. दोघांना न हलणारा दगड तो एकटा सरकवत होता आणि सरकवताना गुणगुणत होता.

"नाव काय तुझं?" पूलने विचारलं.

"यान ब्रोझेक."

"फुटबॉल खेळलायस कधी?"

"नाही. काय करायचं असतं?"

"समोर माणसं उभी असतात. त्यांना आडवं करायचं."

"का? काय केलंय त्यांनी?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला कॉलेजात कोणी दिलेलं नव्हतं. पूलने विषय बदलला. कॉलेजात राहायला खोली, तीन वेळचं जेवण, पोरी टाळ्या वाजवतात, असं बरंच काही सांगितलं. ब्रोझेकने सगळं ऐकून घेतलं.

"वर्गात पण बसायचं का?" त्याने विचारलं.

"छे छे," पूल घाईघाईने म्हणाला, "तसली काही सक्ती नाही. आम्ही तरी कुठे बसतो!"

"मला बसायचंय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"खाणीवर इंजिनियर येतो," ब्रोझेक म्हणाला. "तीन पायांवर दुर्बीण ठेवतो आणि खाली उभ्या उभ्या सांगतो, कडा किती उंच. वर न चढता. मी अकराव्या वर्षापासून त्या कड्याला दोराने लटकतोय, मला नाही सांगता येत. ते शिकवतात का तुमच्यात?"

"शिकवतात," मी म्हणालो. "त्रिकोणमिती म्हणतात तिला. मी दोनदा नापास झालोय."

"मग येतो."

मग मी त्याला नावाची भानगड सांगितली. त्याने हातातली पहार खाली ठेवली.

"म्हणजे शिकायचं मी आणि नाव दुसऱ्याचं?"

"थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंतच रे. नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी शेवटचा सामना. तो झाला की रजिस्टरात तुझं नाव. डिसेंबरातली परीक्षा तू स्वतःच्या नावाने देशील."

"शब्द?"

"शब्द," मी म्हणालो आणि हात पुढे केला. माणसाला शब्द देताना फार बरं वाटतं. खर्च नंतर येतो.

मी त्याला प्राचार्यांकडे नेला. डॉ. पर्सिव्हल लूमिस हे धर्मशास्त्राचे पंडित. नाकाने कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या आयोवात कोणी नव्हता. खऱ्या हॅपगुडची मुलाखत जूनमध्ये त्यांनी स्वतः घेतली होती.

"हा कोण?"

"लूशियस हॅपगुड, सर."

डॉ. लूमिस यांनी त्याला बुटांपासून खांद्यांपर्यंत न्याहाळलं. ती चढण चढायला त्यांना वेळ लागला.

"गावची हवा मानवलेली दिसते हॅपगुडला."

"हो, सर."

"देवाची करणी अगाध आहे," डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले. डॉ. लूमिस आंधळे मुळीच नव्हते. कुठे बघायचं नाही ते त्यांना अचूक कळायचं.

पहिल्या सामन्यात ब्रोझेकने समोरच्यांची अख्खी डावी बाजू साफ केली. आम्हाला त्याचा एकच त्रास झाला. तो माणूस आडवा केला की त्याला हात देऊन उठवायचा, त्याच्या अंगावरची माती झटकायचा आणि म्हणायचा, "माफ करा हं." मग पुढच्या डावात त्यालाच पुन्हा आडवा करायचा. तिसऱ्या सामन्यापर्यंत समोरचे लोक त्याची माफी ऐकूनच घाबरायला लागले. वर्तमानपत्रात मथळे आले: हॅपगुड नावाचं वादळ. हॅपगुडसमोर कोणाचं चालेना. पोरी रिबिनी लावून यायच्या आणि "हॅप! हॅप! हॅपगुड!" असं ओरडायच्या. ब्रोझेक मान वळवूनसुद्धा बघायचा नाही, कारण आपल्याला हाक मारतायत हेच त्याच्या लक्षात यायचं नाही. लोकांनी त्याला विनय म्हटलं. रविवारच्या प्रवचनात डॉ. लूमिस यांनी त्या विनयाचा दाखला दिला.

आणि सोमवारी सकाळी हे वादळ प्रोफेसर क्विंबींच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचं.

इझ्रा क्विंबी साठीचे, सडे, अंगात एकच कोट. फुटबॉल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि करून घ्यायचंही नव्हतं. शनिवारी मैदानातून आरडाओरडा ऐकू आला की त्यांना वाटायचं, कुठेतरी आग लागली असेल, विझवतील. तीस वर्षं ते त्रिकोणमिती शिकवत होते आणि तीस वर्षांत त्यांना वर्गात कोणी प्रश्न विचारला नव्हता. ब्रोझेकने पहिल्याच दिवशी चार विचारले. त्याचं इंग्रजी मोडकं, पण प्रश्न सरळ.  क्विंबींनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. मला वाटतं, त्या दिवशी ते पहिल्यांदा कोणालातरी शिकवत होते.

"हॅपगुड, तुमच्या डोळ्याला काय झालं?" दर सोमवारी ते विचारायचे.

"पडलो, सर."

"आणि बोटांना?"

"पडलो, सर."

"तुम्ही फार पडता. जिन्याजवळ खोली आहे का? मी प्राचार्यांशी बोलू?"

अख्खा वर्ग पोट धरून हसायचा. ब्रोझेक तेवढा हसायचा नाही. ऑक्टोबर संपता संपता वर्ग सुटला तरी ते दोघे फळ्यापाशीच असायचे. एकदा मी जेवायला हाक मारायला गेलो तर क्विंबी स्टुलावर बसले होते, खडू ब्रोझेकच्या हातात होता आणि क्विंबी म्हणत होते, "थांबा, थांबा, हे पुन्हा सांगा." संघातल्या पोरांनी त्याला 'प्रोफेसर' म्हणून चिडवायला सुरुवात केली. आमच्यापैकी कोणीही पास होण्याची आशा नव्हती, आणि उभ्या संघात एकच खरा विद्यार्थी होता, जो विद्यार्थी नव्हता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो माझ्या खोलीवर आला. बसला नाही.

"कॅप्टन, मी सरांना माझं नाव सांगणार."

"वेड लागलंय का तुला?"

"काल त्यांनी वर्गात सांगितलं, हॅपगुडने हे उदाहरण माझ्यापेक्षा सोप्या रीतीने सोडवलंय. तू होतास ना? मला उभं केलं. मला कसं वाटलं सांगू? दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं. खाणीत कधी असं वाटलं नाही. तिथे दगड मी फोडला की मी फोडला."

"अरे, क्विंबींना खोटं बोलता येत नाही. उद्या ड्रमंडवाल्यांनी विचारलं तर सरळ सांगून मोकळे होतील. मग हंगाम गेला, आणि तूही गेलास. चार आठवडे कळ काढ."

"ते मला हॅपगुड म्हणतात, तेव्हा मला मागे वळून बघावंसं वाटतं, खरा आलाय का."

"चारच आठवडे, यान."

"तू शब्द दिलायस म्हणून थांबतो," तो म्हणाला. आणि थांबला.

त्याच सुमारास प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात एक पत्र होतं. त्यांनी ते मला वाचायला दिलं. ते असं होतं:

"आदरणीय डॉक्टर लूमिस, वर्तमानपत्रात वाचलं की गेल्या शनिवारी माझ्या लूशियसने तीन वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला आणि दोन जणांना झोळीतून न्यावं लागलं. लूशियस गेले आठ आठवडे माझ्या डोळ्यांसमोर अंथरुणावर आहे. काल तो पहिल्यांदा उशीला टेकून बसला. तो हे कोणत्या वेळी करून येतो, ते कृपया कळवावं. डॉक्टरांनी त्याला जिनासुद्धा चढू नको म्हणून सांगितलंय. तसंच तिकडे असताना तो लोकरीचे मोजे घालतो का, तेही बघावं. आपली, मिसेस ऑगस्टा हॅपगुड."

मी पत्र टेबलावर ठेवलं. 

"हल्ली वर्तमानपत्रं किती बेजबाबदार झाली आहेत," डॉ. लूमिस म्हणाले.

"हो, सर."

"मी बाईंना कळवलंय की ती छापखान्यातली चूक आहे. मोज्यांचंही बघतो म्हटलंय." त्यांनी पत्र खणात टाकलं. "बियाण्यांचे व्यापारी मिस्टर टकर कॉलेजला व्यायामशाळा बांधून देणार आहेत. ड्रमंडला हरवलं तर. अर्थात या पत्राशी त्याचा काही संबंध नाही."

"नाही, सर."

"थँक्सगिव्हिंगनंतर मी या प्रकरणाची कसून चौकशी करणार आहे."

"नंतर, सर?"

"घाईत केलेली चौकशी अन्यायाची होते, बेकविथ."

मी धीर केला. म्हणालो, "सर, त्या... हॅपगुडला आम्ही कबूल केलंय की नंतर त्याच्या स्वतःच्या नावाने प्रवेश मिळेल. त्याचं गणित फार चांगलं आहे."

"जरूर, जरूर. या कॉलेजचे दरवाजे सर्वांना उघडे आहेत."

मी धावत जाऊन ब्रोझेकला हे सांगितलं. तो हसला. इतका मोठा माणूस लहान पोरासारखा हसला, आणि मला मी फार थोर आहे असं वाटलं.

सव्वीस नोव्हेंबर. जमीन गोठून दगड झाली होती. ड्रमंडचे अकरा जण, त्यात तो लोहार, आता पस्तिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा पहिल्या वर्षात. त्यांनी लांबून चेंडू खांबांमधून मारला आणि चार गुण घेतले. अर्धा खेळ संपला तेव्हा आमचा भोपळा होता. उत्तरार्धात तो लोहार गुडघा पुढे करून ब्रोझेकच्या खांद्यावर कोसळला. मी शेजारीच होतो. आवाज मी ऐकला. ब्रोझेक उठला तर उजवा हात नुसता लोंबत होता.

त्या वेळच्या नियमाने बाहेर गेलेल्याला परत येता येत नसे. आणि आमच्या बाजूला बसलेला बदली गडी एकही नव्हता.

"हाड गेलंय," मी म्हणालो. "बाहेर जा."

"गेलो तर?"

"दहाच राहू. हरू."

"हरलो तर शब्दाचं काय?"

तेव्हा मला म्हणता आलं असतं की शब्द तो शब्द, त्याचा हरण्याजिंकण्याशी काय संबंध, जा, डॉक्टरकडे जा. पाच सेकंदांचं काम होतं. मी म्हणालो, "आधी जिंकू या."

त्याने मान हलवली आणि चेंडू डाव्या काखेत घेतला. तेव्हा चेंडूवाल्याला मागून ढकलायची मुभा होती. आम्ही दहा जणांनी त्याला मागून रेटला, त्या मोडक्या खांद्यावर हात टेकून रेटला. तीन प्रयत्न, मग आणखी तीन, मग आणखी. प्रत्येक वेळी तो खाली जायचा आणि उठायचा. या वेळी तो कोणाची माफी मागत नव्हता. शेवटी तो रेषेपार पडला तेव्हा त्याच्या अंगावर चौदा माणसं होती. त्याचे पाच गुण झाले, आणि पूलने लाथ मारून वरचा एक मिळवला. सहा विरुद्ध चार. लोकांनी टोप्या हवेत उडवल्या आणि "हॅपगुड! हॅपगुड!" करत त्याला खांद्यावर उचलायला धावले. तो ओरडला तेव्हा लोकांना वाटलं, आनंदाने ओरडतोय.

प्रार्थनागृहाच्या तळघरात आम्ही कपडे बदलत होतो. गावच्या डॉक्टरने ब्रोझेकचा हात झोळीत बांधला आणि त्याला शेजारच्या खोलीत निजवलं. मग डॉ. लूमिस खाली आले. त्यांनी आधी देवाचे आभार मानले. बराच वेळ मानले. नंतर दार लावून घेतलं.

"ड्रमंडच्या प्राचार्यांनी लेखी विचारणा केली आहे," ते म्हणाले. "मी त्यांना माझ्या सहीने कळवणार आहे की लूशियस हॅपगुड आमचा विद्यार्थी आहे. ते सत्य आहे. तो जानेवारीत बरा होऊन येतोय. एका वर्गात दोन हॅपगुड बसू शकत नाहीत. पाच वाजून दहा मिनिटांच्या गाडीने त्या तरुणाला पाठवून द्या. त्याचे काका नेब्रास्कात आहेत म्हणे."

"सर, पण ब्रोझेकला तुम्ही..."

"ब्रोझेक नावाचा कोणी या कॉलेजात कधी नव्हता. मी रजिस्टर पाहिलंय. आता नव्याने नाव घातलं तर लोक विचारतील, हा काल कोण होता?" त्यांनी आमच्या प्रत्येकाकडे पाहिलं. "कॉलेजच्या भल्यासाठी याविषयी कोणी कुठे अक्षर काढणार नाही, असा मला तुमचा शब्द हवा."

सगळ्यांनी दिला. मीही दिला. गरज सरो, वैद्य मरो, आणि आमच्या वैद्याचं हाडही आम्हीच मोडलं होतं. पहिला शब्द मोडून मी दुसरा दिला, आणि दुसरा मात्र इमानाने पाळला.

स्टेशनवर त्याचं गाठोडं मीच धरलं होतं. प्राचार्य काय म्हणाले ते मी वाटेत सांगितलं होतं, तुकड्या तुकड्याने, त्याच्याकडे न बघता. तो एवढंच म्हणाला, "सरांना भेटून येतो. पाच मिनिटं."

"गाडी चुकेल."

"परीक्षा दहा तारखेला आहे. डाव्या हाताने लिहीन. कोणाच्याही नावाने लिहीन, हॅपगुडच्या लिहीन. मला फक्त बघायचंय, येतं का."

"यान, प्राचार्य म्हणतात..."

"ते कळलं. तू काय म्हणतोस?"

मी रुळांकडे बघत राहिलो. गाडीचा धूर दिसायला लागला होता आणि मला, लाज वाटते सांगायला, सुटका झाल्यासारखं वाटलं.

"बरं," तो म्हणाला. "मग एवढं कर. सरांना माझं नाव सांग. त्यांना वाटेल, मी न सांगता पळालो. ते मला चालणार नाही."

"सांगतो."

"नक्की?"

"शब्द," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गाठोडं त्याच्या पायाशी ठेवलं आणि गाडी थांबण्याआधीच निघालो.

दहा डिसेंबरला क्विंबींनी पेपर वाटले. पहिल्या बाकावर एक ठेवला.

"हॅपगुड कुठे आहेत?"

"आजारी आहेत, सर," पूल म्हणाला.

"पडले?"

"हो, सर."

या वेळी कोणी हसलं नाही. तीन तास तो कोरा पेपर तिथेच राहिला. घंटा झाल्यावरही क्विंबींनी तो उचलला नाही. दाराकडे तोंड करून आणखी अर्धा तास बसले.

जानेवारीत खरा हॅपगुड आला. स्टेशनवर बँड गेला होता. गाडीतून उतरलेला मफलर बघून बँडवाले गोंधळले, पण वाजवायचं थांबले नाहीत. तीन दिवस तो बिचारा सांगत होता, "अहो, मी नव्हतो, मी आजारी होतो." लोक म्हणाले, बघा विनय. आजाराने कसा वाळलाय पोरगा! चौथ्या दिवशी त्याने एकदा चेंडू रेषेपार नेल्याचं कबूल केलं. पुढच्या सोमवारपर्यंत हंगामातल्या अकराच्या अकरा खेपा त्याच्या झाल्या होत्या, आणि ड्रमंडच्या सामन्यात खांदा कसा दुखावला, हे तो पोरींना हात लावून दाखवत होता. मिस्टर टकरांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं आणि व्यायामशाळेचा पाया खणायला घेतला.

मी क्विंबींना अजून काही सांगितलं नव्हतं. रोज उद्या सांगू म्हणत होतो.

त्या सोमवारी क्विंबींनी हजेरी घेतली.

"हॅपगुड."

"हजर, सर."

क्विंबींची लेखणी थांबली. त्यांनी वर बघितलं. "तुम्ही कोण?"

"लूशियस हॅपगुड, सर."

"नाही."

हॅपगुड रडकुंडीला आला. "सर, शपथ घेतो. मीच आहे. आईचं पत्र दाखवू?"

"असाल," क्विंबी सावकाश म्हणाले. "तुम्ही खोटं बोलत नाही, दिसतंय मला. मग तीन महिने माझ्यासमोर बसला होता, तो कोण?"

खोलीत चाळीस पोरं होती.  क्विंबी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत गेले. मला वाटतं, तीस वर्षांत त्यांनी वर्गाचे चेहरे पहिल्यांदाच पाहिले. शेवटी ते माझ्यापाशी थांबले.

"बेकविथ, तुम्ही त्याच्या शेजारी बसत होता. त्याचं नाव काय?"

नाव माझ्या जिभेवर होतं. दोनच शब्द. पण पूलने बाकाखालून माझा पाय दाबला. व्यायामशाळेचा पाया अर्धा खणून झाला होता आणि मी कॅप्टन होतो.

"सर," मी म्हणालो, "हॅपगुड ते हेच."

क्विंबींनी मान खाली घातली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "हॅपगुड, गैरहजर."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. हॅपगुड "हजर" म्हणायचा, उभा राहायचा, एकदा तर टेबलापर्यंत गेला. क्विंबी त्याच्याशी अदबीने बोलायचे, त्याची उदाहरणं तपासायचे आणि गैरहजर लिहायचे. प्राचार्यांनी त्यांना दोनदा बोलावून समजावलं. फरक पडला नाही.

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: खाण, यादी, कडा, खांदा, स्टेशन. "त्याचं नाव यान ब्रोझेक, सर," मी म्हणालो.

त्यांनी ते नाव दोनदा हळू म्हणून बघितलं.

"पत्ता?"

"घेतला नाही, सर. नेब्रास्कात कुठेतरी."

"जानेवारीत तुम्हाला हे माहीत होतं."

"हो, सर."

"मी वर्गात विचारलं होतं, बेकविथ," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाली. माझं नाव आलं. "हजर, सर," मी म्हणालो. क्विंबींनी वर बघितलं, मला नीट बघितलं, आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "बेकविथ, गैरहजर." मी खाली बसलो.